गुलाबी पडलेल्या पुड्या

आई,

आज सहावा दिवस. पहिल्या फडक्यातल्या दहा बियांपैकी एकीलाही मोड आलेला नाही. सकाळी साडेसहाला तुझ्या सुनेनं फडकं उलगडलं, एकेक बी दोन बोटांत धरून दाबलं आणि सांगितलं, "सात मऊ पडल्यात, तीन दगडासारख्या." तू तिला पाहिलेलं नाहीस, पण तिच्या बोटांवर विश्वास ठेवायला हरकत नाही. ती शेतातून आलेली आहे आणि तिला खोटा धीर देता येत नाही. तरी एका तोंडावर बातमी देऊ नये या सवयीनं मी शेजारच्या निवृत्त कृषी सहायकांना हाक मारली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, एक बी नखानं सोललं, आतला पिवळट लगदा हुंगला आणि म्हणाले, "हे गेलंय. एवढ्या उन्हाळ्यात वालाला चौथ्या दिवशी मोड दिसायला पाहिजे." दुसरं फडकं तीन दिवसांपूर्वी बांधलं आहे. त्यात आणखी दहा आहेत. ते उद्या उघडायचं.

मी वर्तमानपत्रात काम करतो, हे तुला ठाऊक आहे. त्याची सुरुवात तू पाहिलीस. सोळा वर्षं रोज संध्याकाळी सातच्या आत मजकूर हातावेगळा करत आलो. पूर असो, निवडणूक असो, सातला पान सुटतं आणि माणूस सुटतो. या गोष्टीला तसं सात वाजत नाहीत. कचेरीत बसलो की फडकं वाळलं असेल असं वाटतं. घरी आलो की पाणी जास्त झालं असेल असं वाटतं. काल दुपारी जेवणाच्या सुट्टीत सायकल मारत घरी आलो आणि फडक्याला नुसतं बोट लावून परत गेलो. सून म्हणाली, "सारखं सारखं बोट लावल्यानं काय मोड येतेत का?" तिला सगळी हकिकत माहीत नाही. तुलाही ती अर्धीच माहीत आहे.

सतरा-अठरा दिवसांपूर्वी एक बाई कचेरीत आली. दुपारची वेळ होती, पंखा गरम हवाच फिरवत होता. डोक्यावर पदर, हातात नायलॉनची पिशवी, पायात धुळीनं पांढऱ्या झालेल्या चपला. दारातूनच विचारलं, "चुडाव्याच्या नर्सबाईचे लेक तुमीच का?" मी होय म्हणालो. कचेरीत अशी माणसं रोज येतात. कुणाची विहीर, कुणाचं रेशनकार्ड. मी कागद पुढं ओढला आणि तक्रार काय ते विचारलं. ती खुर्चीच्या कडेवर बसली आणि म्हणाली, "तक्रार न्हाई, दादा. माझं बी तुमच्या घरात हाय."

मी तिला ओळखलं नाही, पण बी म्हटल्यावर माझा हात थांबला. ती सांगत गेली. आणीबाणी लागली त्या पावसाळ्यात तिला पहिली मुलगी झाली. उलटी आलेली. तू रात्रभर बसलीस आणि पहाटे दोघींना सोडवलंस. तिच्या सासूनं खण, नारळ आणि पायलीभर ज्वारी पुढं केली, तर तू म्हणालीस, "हे न्हाई घेत मी. तुमच्या परसातलं एखादं बी असंल तर द्या." मग तिनं बाजेवरूनच सांगितलं, दिवळीतल्या मडक्यात वाल आहे, माझ्या माहेरचा, वालूरचा, त्यातला मूठभर द्या. तुझी ही रीत पंचक्रोशीला माहीत होती. जिथं बाळंतपण, तिथलं बी. पुडीवर तू गाव लिहायचीस, मुलगा की मुलगी ते लिहायचीस आणि भाजीचं नाव. लहानपणी मला वाटायचं, मुलं अशीच येतात: एका घरी मुलगी आणि वाल, दुसऱ्या घरी मुलगा आणि दोडका.

"ती लेक आता लग्नाला आलीय," बाई म्हणाली. "आमच्यात लेकीच्या ओटीत आई आपलं बी घालती. मला माझ्या आईनं घातलं, तिला तिच्या आईनं. माझ्याजवळ आईचं तेवढंच होतं. दोन वर्सं परसात पाणी न्हवतं म्हून लावला न्हाई, आन् मडक्यातल्याला भुंगा लागला. वालूरला गेले, तर भावानं कुंपणच काढलंय, ऊस लावलाय. मंग मला नर्सबाई आठवल्या. त्यांच्याकडं असंल, म्हणलं. त्यांचं बी मरत नव्हतं."

ते शेवटचं वाक्य ती सहज बोलली. मी म्हणालो, "बघतो." त्यावर ती म्हणाली, "बघा, आन् उगवून बघा. मेलेलं बी ओटीत घालत न्हाईत. एक वेल उगवला तरी लय झालं, दादा. डालड्याच्या डब्यात रोप लावून तिच्यासंगं पाठवीन. एका वेलावर वर्षात शेरभर बी होतंय."

ती गेल्यावर मी त्या दिवशीची बातमी वेळेत दिली. डबा मात्र माळ्यावरून काढला नाही. अकरा दिवस काढला नाही. शिडी शेजारच्यांकडे आहे, शिडी कुणीतरी नेली आहे, आज कचेरीत उशीर झाला, असं स्वतःला सांगत राहिलो. आत काय असणार ते मला आधीच माहीत होतं.

उपकेंद्राचं ते दोन खोल्यांचं घर आठवतं. स्टेशनकडून गाडीची शिट्टी आली की भांडी थरथरायची. बाबा गेल्यावर तू नर्सिंग शिकलीस आणि आपण तिथं आलो. सरकारी औषधांच्या गोळ्या मोठ्या पत्र्याच्या डब्यांत यायच्या. त्यातल्या काही डब्यांवर परदेशी शिक्का असायचा आणि तळाशी, गोळ्यांखाली, जाड कागदाची एक पुडी. इतर ठिकाणी ती डब्याबरोबर उकिरड्यावर जायची. तू ती कात्रीनं उघडलीस. आत मोहरीएवढे निळे खडे. पावसाळ्याचे दिवस होते. तू खडे बशीत ओतून खिडकीत ठेवलेस आणि संध्याकाळपर्यंत ते गुलाबी झाले. दुसऱ्या दिवशी भाकरी झाल्यावर उतरत्या तव्यावर पसरलेस, तर पुन्हा निळे. सिलिका जेल हे नाव मला फार नंतर कळलं. तुला ते कळण्याची गरज पडली नाही. जुन्या मलमलीच्या धोतराचे चौकोन कापून तू पिशव्या शिवल्यास, पातळ, म्हणजे आतला रंग बाहेरून दिसावा, आणि एका बाजूला टाक्याऐवजी गाठ मारलीस, म्हणजे सोडून तव्यावर ओतता यावं.

मग त्या पुड्या घरभर झाल्या. बाळंतपणाच्या पेटीत एक, कात्रीला गंज धरू नये म्हणून. ट्रंकेत शालूच्या घडीत एक. माझे दाखले आणि तुझं जन्मनोंदीचं रजिस्टर होतं त्या डब्यात दोन. आगपेट्यांच्या डब्यात एक. आषाढात सगळ्या गल्लीत काडी पेटायची नाही आणि शेजारणी चिमणी घेऊन आपल्याकडे यायच्या. बाबांच्या तसबिरीच्या मागं, पुठ्ठ्यात, एक चपटी. परसातल्या वस्तूंनाही होत्या: युरियाच्या बरणीत, कलमाच्या चाकूच्या खोक्यात, वाळवून ठेवलेल्या झेंडूच्या बोंडांत. मिठाच्या बरणीत मात्र कधी नाही. कंपाउंडरनं पुडीवरचं इंग्रजी वाचून खाऊ नका असं लिहिलंय म्हणून सांगितलं होतं. ते ऐकून एक म्हातारी म्हणाली होती, "खाऊ नका म्हणं. दगडं कोण खातंय, बाई?" तू लगेच म्हणालीस, "तुमचा म्हातारा. तंबाखूत चुना कमी पडला की चघळंल." आणि त्या दिवसापासून पुड्या उंचावर ठेवायला लागलीस, कारण गल्लीत रांगती मुलं बरीच होती, सगळी तुझ्याच हातची.

सगळ्यात जास्त पुड्या बियांच्या डब्यात. तो गोळ्यांचा सगळ्यात मोठा डबा, झाकण चमच्याच्या दांड्यानं उचकटावं लागायचं. आत कागदाच्या पुड्या उभ्या लावलेल्या आणि चार कोपऱ्यांत चार निळ्या. गावातल्या बाया बी राखेत घोळून मडक्यात ठेवायच्या. ही वालाची बाई एकदा बाळाला टोचायला घेऊन आली तेव्हा डबा उघडा होता. मला ते आठवतं, म्हणजे मी तिला पाहिलं होतं, चेहरा तेवढा राहिला नाही. तिनं विचारलं, "हे कशाला, बाई? राख फुकट हाय."

तू म्हणालीस, "राख चांगलीच. पण तिचं पोट भरलं ते ती सांगत न्हाई. ही सांगती."

"गुलाबी होऊन?"

"गुलाबी होऊन. मग तिला भाजायचं, पुन्हा कामाला लावायचं."

"म्हंजी सुनंवाणीच की," ती म्हणाली आणि तुम्ही दोघी बराच वेळ हसत होतात.

एकदाच तू मला त्या डब्यावरून रागावलीस. मी नुकताच पोहून आलो होतो आणि पेन्सिल शोधत डबा उघडला. तू हातातलं पीठ तसंच टाकून आलीस, माझं मनगट धरून बाजूला केलंस. आवाज चढवला नाहीस. "ओल्या हातानं हे उघडायचं न्हाई. आत बी झोपलंय. त्याला वाटंल पाऊस आला. अर्धवट जागं झालं की ते ना उगवतं, ना परत झोपतं." मी दहा-बारा वर्षांचा असेन. मनगटावर पिठाची पाच बोटं उमटली होती. पुढं मी काय केलं ते बघता, हे वाक्य माझ्या कानावर पडलेलंच नव्हतं असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं.

विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला तो पावसाळा. मी तेव्हा नवा बातमीदार, गळ्यात सेकंडहँड घेतलेला कॅमेरा. ज्या फोटो स्टुडिओतून घेतला, तिथल्या माणसानं भिंग उजेडात धरून कडेला आलेलं पांढरं जाळं दाखवलं. "बुरशी आहे. एवढ्या पावसाळ्यात निळ्या पुड्या ठेवा पेटीत, नाहीतर दिवाळीपर्यंत आंधळा होईल." निळ्या पुड्या कुठं मिळतात हे मला विचारावं लागलं नाही. कचेरीतून सांगितलं होतं, गावं पेटलीत, जा, फोटो आण. पालमला जाणारी एसटी धरायची होती. त्याच्या आदल्या दिवशी मी घरी आलो. तू लसीकरणाला बाहेर गेली होतीस. मी डबा उघडला. चारही पुड्या निळ्याशार होत्या, बहुतेक तू सकाळीच तव्यावरून काढल्या असशील. त्या मी कॅमेऱ्याच्या पेटीत घातल्या. डब्याचे कोपरे रिकामे दिसू नयेत म्हणून आगपेट्यांच्या डब्यातली, युरियाच्या बरणीतली आणि दाखल्यांच्या डब्यातल्या दोन, अशा चार पुड्या त्यांच्या जागी ठेवल्या. त्या गुलाबी होत्या. मला ते दिसलं. गाडी होती, घाई होती, परत आल्यावर बदलू म्हटलं. आणि झाकण घट्ट दाबलं. झाकण तुझ्यापेक्षा मी जास्त घट्ट दाबलं असेन.

आता कृषी सहायकांनी समजावून सांगितलं तेव्हा नीट कळलं. पुडी नसती तर एक वेळ चाललं असतं. पण पाणी पिऊन बसलेली पुडी बंद डब्यात ठेवली की डबा तापल्यावर ती तेच पाणी हळूहळू बाहेर सोडते. मी नुसता कोरडेपणा चोरून नेला नाही, ओल आत कोंडली. ओल्या हातानं डबा उघडण्याहून ते वाईट होतं. हात लगेच बाहेर आला असता.

ज्या वस्तीत गेलो तिचं नाव मी बातमीत दिलं होतं, इथं देत नाही. पाऊस बारीक पडत होता. सहा-सात घरं जळलेली, माणसं शाळेच्या पडवीत. एक म्हातारी एकटीच आपल्या जागेवर बसून काठीनं उकरत होती. मी कॅमेरा काढला. काच स्वच्छ होती, धुकं नव्हतं, तुझ्या पुड्यांनी काम चोख केलं होतं. म्हातारीला मडक्याचं बूड सापडलं, त्यात काळ्या पडलेल्या बिया. तिनं तळहातावर घेऊन मला दाखवल्या. "राखंत ठिवल्या व्हत्या," ती म्हणाली. "राखंतच गावल्या." मी फोटो घेतला. तिनं विचारलं, "ह्या उगवतील का, साहेब?" मला साहेब म्हणालेलं ते पहिलं माणूस. मी म्हणालो, उगवतील की. त्या उगवणार नव्हत्या हे तुझ्या मुलाला कळत होतं. फोटो छापून आला नाही. त्या जागी मंत्र्यांच्या पाहणीचा आला. हे मी पुड्यांचं समर्थन म्हणून लिहीत नाही. तो फोटो काढायला हवा होता आणि त्यासाठी काच कोरडी हवी होती, इतकं खरं आहे. पण परत येऊन पुड्या बदलायला तो फोटो आड आला नव्हता. मी परभणीतल्या परभणीतच फिरत राहिलो. दिवाळी आली. भिंग स्वच्छ राहिलं.

तू त्याच थंडीत आजारी पडलीस. एरवी वाल दर दोन-तीन वर्षांनी लावून नवं बी धरायचीस. त्या वर्षी लावला नाहीस. सरकारी दवाखान्याच्या लोखंडी खाटेवर तू आणि शेजारी स्टुलावर मी. तुला दम लागायचा, तरी एकेका गोष्टीची विचारपूस चालू असायची. रजिस्टर नव्या बाईला दिलंस का. शालू काकूकडं पोचवलास का. फाल्गुन संपत आला होता तेव्हा विचारलंस, "बियांच्या डब्यातल्या पुड्या भाजल्या का रे? पावसाळ्यानंतर माझ्याच्यानं झालं न्हाई."

मी म्हणालो, "हो. निळ्या आहेत."

तू डोळे मिटलेस. "मग काही काळजी न्हाई," म्हणालीस. माझी मलाच लाज वाटावी इतक्या समाधानानं म्हणालीस. त्या संध्याकाळी चुडाव्याला जाऊन तव्यावर चार पुड्या भाजणं ही अर्ध्या दिवसाची गोष्ट होती. मी जाणार होतो. तू चैत्रात गेलीस. पुढं उपकेंद्राचं घर रिकामं करताना डबा दोरीनं बांधून आणला आणि माळ्यावर टाकला. त्यानंतर घरं तीन बदलली. तीन वेळा तो डबा माझ्या हातानं उतरला, माझ्या हातानं चढला. उघडला नाही. सुनेनं एकदा विचारलं, "ह्यात काय हाय?" मी म्हणालो, आईचं जुनं काहीतरी.

अकराव्या दिवशी ती बाई मुलीला घेऊन पुन्हा आली. मुलगी उंच, बोलायला धीट, हातात पत्रिकांचा गठ्ठा. लग्न वैशाखातलं. मी अजून बघितलं नाही म्हटल्यावर आईचा चेहरा उतरला, तर मुलगी म्हणाली, "आई, उगं त्यांना कशाला त्रास देतीस? बाजारातलं घाल की बी. पाकिटावर फोटोबी असतोय."

"मंग बाजारच येईल तुला माहेरी न्यायला," आई म्हणाली. मग माझ्याकडं वळून, जरा हलक्या आवाजात: "हिला वाटतंय मी येडी हाय. दादा, हिच्या जन्माचं बी हाय ते. नर्सबाईनं पुडीवर लिवलं होतं. मला वाचता येत न्हाई, पण त्यांनी वाचून दाखवलं होतं."

त्या दिवशी कचेरीतूनच शिडीची सोय केली. दोरी कुजली होती. झाकणाला गंज धरलेला. चमचा वाकला, शेवटी पेचकसानं उघडलं. पहिल्यांदा वास आला, जुन्या पोत्यासारखा, थोडा आंबूस. चार कोपऱ्यांत चार पुड्या, फिकट गुलाबी. सोळा वर्षं गुलाबी. दोडका आणि भोपळ्याच्या पुड्यांवर बुरशीचे ठिपके होते, मिरचीचं बी काळं पडून कागदाला चिकटलं होतं. वालाची पुडी मधोमध होती, बाकीच्यांच्या आधारानं जरा बरी राहिलेली. तुझं अक्षर: वालूरचा वाल, मुलगी, पायाळू, दोघी सुखरूप. मी ते दोन-तीनदा वाचलं. बिया मेंदीच्या रंगाच्या, कडेला पांढरी रेघ, दिसायला बऱ्या. पण रंगावर जाऊ नये, हे तूच शिकवलं होतंस.

सुनेनं ज्याला म्हणतात तसा ताबा घेतला. फडकं तिनं आणलं, पाणी तिनं कोमट केलं, आधी दहाच लावू म्हणाली, "समद्या एकदम नको. पाणी कमीजास्त झालं तर सगळ्याच जातील." तिसऱ्या दिवशी काहीच हालचाल दिसेना तेव्हा बाकीच्या दहा बियांचं दुसरं फडकं बांधलं, या वेळी कडेला नखभर कापून, म्हणजे पाणी आत शिरावं. कृषी सहायकांनी ही युक्ती सांगितली. ते दिवसातून दोनदा येतात, बघतात, जातात.

गुलाबी पुड्या मी फेकल्या नाहीत. रविवारी भाकरी झाल्यावर, तवा उतरल्यावर, गाठी सोडून खडे पसरले. गॅसचा तवा आहे आता, चुलीचा नाही. वेळ जास्त लागला. सून दारात उभी राहून बघत होती. खडे आधी जांभळे झाले, मग कडेकडेनं निळे. सोळा वर्षांनी ते तसेच निळे झाले. त्यांचं काहीच बिघडलेलं नव्हतं. त्यांना फक्त कुणीतरी भाजायला हवं होतं. मला खूप वेळ तव्यापुढून उठता आलं नाही. ती म्हणाली, "हात पोळंल." एवढंच.

बाई गुरुवारी सकाळच्या पॅसेंजरनं येणार आहे. तसं तिनं स्टेशनवरच्या ओळखीच्या माणसाकरवी कळवलं आहे. येताना डालड्याचा रिकामा डबा घेऊन येते म्हणाली, माती भरून. उद्याच्या फडक्यात एक जरी मोड निघाला तर तिच्या मातीत तो लावायचा आणि मग मी तिला सगळं सांगणार. नाही निघाला तरी सांगणार, फक्त तेव्हा तिच्या हातात नुसती माती असेल. ती काय म्हणेल याचे मी बरेच मसुदे केले. ती रागावेल असं वाटत नाही. ती म्हणेल, "राखेतलंबी गेलंच की, दादा," आणि ते मला रागावण्यापेक्षा जड जाईल. तुझं बी मरत नव्हतं, हे ती गावात सांगत आली आहे. ते मारणारा तुझ्या घरातला होता हे तिनं माझ्याकडूनच ऐकावं, एवढं मी ठरवलं आहे.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, ते वालाच्या पुडीशेजारी डब्यात ठेवीन. तुला सांगायची शेवटची गोष्ट लहान आहे. पुडीतल्या बिया मी एकट्यानं मोजल्या होत्या. सुनेला वीस म्हणून सांगितलं. होत्या बावीस. दोन मी फिल्मच्या काळ्या डबीत घालून, वर एक भाजलेली निळी पुडी ठेवून, टेबलाच्या खणात ठेवल्या आहेत. बाईसाठी राखल्या असं म्हणता येईल, आणि गुरुवारी त्या मी तिच्याच हातात देईन. पण तिच्यासाठी म्हणून काढल्या नव्हत्या. न भिजवलेलं बी मेलंय असं कुणाला सांगता येत नाही, म्हणून काढल्या. उद्या साडेसहाला सून फडकं उघडायला बसेल, आणि त्याआधी मला तिला सांगावं लागणार आहे की माझा आकडा चुकीचा होता.